तोंडी नकार, लेखी मागणी

ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडू लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख दरवर्षी रेशन, शाळा आणि दाखले यांच्याकडे वळतो. यंदाही तसेच झाले आहे. आलेल्या पत्रांतील चार निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात उपस्थित झालेला पेच इतर अनेकांनीही वेगवेगळ्या शब्दांत मांडला आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. आम्ही नवरा-बायको कोयत्यावर जातो आणि वर्षातले सहा महिने गावाबाहेर असतो. रेशनकार्ड सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्यामुळे मशीनवर अंगठा उमटत नाही आणि दुकानदार म्हणतो, अंगठा नाही तर माल नाही. माझ्या दोन लेकरांची नावे कार्डावर चढवण्यासाठी तहसिलात तीन खेपा घातल्या, पण इष्टांक नाही एवढेच सांगतात. आम्ही कारखान्याकडे असतो तेव्हाचे आमच्या वाट्याचे धान्य तर बुडतेच. तहसिलात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरीही बुडते. वकीलसाहेब, आम्ही आणखी कुठे जावे?

उत्तर : ताई, आपल्या पत्रात एक नव्हे तर तीन वेगवेगळे नकार आहेत आणि तिन्हींचे औषध वेगवेगळे आहे. मात्र तिन्ही नकार आपल्याला तोंडी मिळालेले आहेत. कार्यालयात तोंडी नकाराची कोठेही नोंद होत नाही. आपण तीन खेपा घातल्या, तरी त्या कार्यालयाच्या दप्तरी आपण एकदाही गेलेल्या नाहीत. कोठे जावे, यापेक्षा प्रत्येक खेपेचा कागद कसा तयार करावा, हे आधी ठरवावे लागेल.

पहिले कोडे अंगठ्याचे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला मिळून ३५ किलो धान्याचा हक्क दिला असून, जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. हा हक्क माणसाचा आहे. यंत्र हे केवळ ओळख पटवण्याचे साधन आहे. आधार जोडलेला नसणे किंवा ठसा न जुळणे या कारणासाठी कोणालाही धान्य नाकारू नये आणि अशा वेळी वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावे, अशा सूचना केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना दिल्या. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या आधार निकालात, ठसा जुळला नाही म्हणून हक्काच्या लाभापासून कोणी वंचित राहू नये, असे म्हटले आहे. त्यामुळे दुकानदाराचे वाक्य कायद्यात बसत नाही. व्यवहारातला मार्ग असा की कार्डावर नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या कोणत्याही सदस्याचा अंगठा चालतो. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वृद्ध माणसासाठी नॉमिनी नेमण्याची सोयही आहे. सासूबाईंचा मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसेल, तर टोळी हलण्यापूर्वी ते एक काम उरकून घ्यावे, कारण आपण गेल्यावर घरात अंगठा लावणारे दुसरे कोणी राहत नाही. याच खेपेत घरातील सर्वांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे की नाही हेही पाहून घ्या. ती राहिली की नाव स्थगित होण्याची भीती असते.

दुसरा नकार इष्टांकाचा आहे आणि तो खोटा असेलच असे नाही. हे जरा सविस्तर सांगतो, कारण या शब्दापाशी येऊन अनेकजण परत फिरतात. कायद्याने देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांपर्यंत व्याप्ती ठेवली. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागासाठी ७६.३२ टक्के आणि शहरी भागासाठी ४५.३४ टक्के, म्हणजे एकंदर सुमारे ७ कोटी माणसे आली. ही संख्या २०११ च्या जनगणनेवरून काढलेली आहे. राज्याने ती जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटून दिली आणि त्या वाटणीलाच इष्टांक म्हणतात. त्यानंतर घराघरांत लेकरे जन्मली, सुना आल्या, पण मूळ आकडा जागीच राहिला. म्हणून आपल्या मुलांना जागा मिळायची तर तालुक्यात कोणाचे तरी नाव कमी व्हावे लागते: मयतांचे, लग्न होऊन गेलेल्या मुलींचे, उत्पन्न वाढलेल्यांचे. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार रुपये आणि शहरात ५९ हजार रुपये आहे. आजच्या मजुरीच्या दरात ४४ हजारांच्या आत बसणे ही स्वतंत्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे, पण तो विषय येथे वाढवत नाही.

इष्टांक नाही हे उत्तर खरे असले तरी त्यापुढे तीन प्रश्न उरतात. तालुक्याचा इष्टांक किती, त्यातील किती भरला आणि आपला अर्ज प्रतीक्षेत कितव्या क्रमांकावर आहे? अर्ज लेखी असेल तरच त्याला क्रमांक मिळतो. ज्यांनी कागद दिलाच नाही त्यांचा क्रमांक कोठेच नसतो, आणि जागा रिकामी झाली की ती कोणाच्या तरी ओळखीने भरली जाते. गावातील मयत आणि स्थलांतरित नावांची यादी ग्रामसभेत वाचून घेऊन ती पुरवठा शाखेला देणे हे कोणावर सूड उगवणे नव्हे. लेकरांसाठी जागा करण्याचा तोच सरळ उपाय आहे.

तिसरे म्हणजे स्थलांतर. येथे परिस्थिती बरीच बदलली आहे, परंतु ती बातमी फडापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. एक देश एक शिधापत्रिका या व्यवस्थेत आपला शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक आणि अंगठा यांवर राज्यातील, किंबहुना देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते. सर्व राज्यांनी ही व्यवस्था ३१ जुलै २०२१ पर्यंत लागू करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सांगितले होते. आपण उभयतांनी आपल्या वाट्याचे धान्य कारखान्याजवळच्या दुकानातून घ्यावे आणि सासूबाईंनी त्यांच्या वाट्याचे गावातून, अशी विभागणीही चालते. सगळे एकाच ठिकाणी उचलण्याची सक्ती नाही. टोळी कर्नाटकात गेली तरी कार्ड चालते. तेथे जे धान्य वाटले जाते ते मिळते. कार्ड मात्र मुकादमाच्या ताब्यात देऊ नका. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिली म्हणून कार्ड ठेवून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. निघण्यापूर्वी त्या बारा अंकी क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

आता कागदाविषयी. तहसील कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारे सवयीने "मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी" अशी सुरुवात करतात आणि "तरी साहेबांनी गरिबावर कृपा करावी" असा शेवट करतात. मी माझ्या पक्षकारांना या दोन्ही ओळी काढायला सांगतो. कृपा मागितली की नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही. हक्काची मागणी केली की नकाराचे कारण लिहावे लागते. आपला अर्ज आठ-दहा ओळींचा पुरे. वर तारीख, त्याखाली शिधापत्रिका क्रमांक, मग "माझ्या कुटुंबातील दोन मुलांची नावे शिधापत्रिकेत समाविष्ट करावीत, अशी मागणी करीत आहे, आपल्या कार्यालयाचा निर्णय, आणि मागणी नाकारायची असल्यास त्याची कारणे, लेखी कळवावीत" एवढे एक वाक्य, सोबत जन्मदाखले आणि आधारच्या प्रती. दोन प्रती करा. एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच देण्यास कारकुनाने टाळाटाळ केली, तर पोस्टात जाऊन तोच अर्ज पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा. दिवसभर रांगेत उभे राहण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

दुकानातही हेच करायचे. धान्य नाकारले त्याच दिवशी १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवा. हे का, ते सांगतो. हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्याबदल्यात रोख अन्न सुरक्षा भत्ता देण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम ८ ने राज्य सरकारवर टाकली आहे, पण महिनाभरात आपण दुकानापर्यंत गेलाच नाहीत असे दाखवता आले तर हा हक्क अडचणीत येतो. दुकानात आपण गेला होता याचा पुरावा आपल्याजवळच असायला हवा. शासनाच्या संकेतस्थळावर शिधापत्रिका क्रमांक टाकला असता त्या महिन्यात आपल्या कार्डावर किती धान्य उचलले गेले हे दिसते. गावातील कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही मुलीला हे पाच मिनिटांत काढून देता येईल. सासूबाईंना धान्य मिळालेले नसताना यंत्रावर ते दिल्याची नोंद आढळली, तर त्या पानाची छापील प्रत तक्रारीला जोडा. मग अंगठ्याचा विषय बाजूला पडून विषय अपहाराचा होतो.

तहसील पातळीवर दाद मिळाली नाही, तर कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग ठेवला आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा सबळ कारणाशिवाय न देणाऱ्या लोकसेवकाला आयोग ५ हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो. रक्कम मोठी नाही; पण सेवापुस्तकाच्या भीतीने जे काम होते ते पुष्कळदा विनवण्यांनी होत नाही, हा माझा अनुभव आहे. आणखी एक गोष्ट. हा अर्ज एकट्या देऊ नका. आपल्या टोळीतील दहा-बारा घरांचे अर्ज, प्रत्येकाचा वेगळा कागद, पण एकाच दिवशी, एकाच आवक वहीत, लागोपाठच्या क्रमांकांनी दाखल करा. एकटीला परत पाठवणे सोपे असते. बारा आवक क्रमांक एका ओळीत पडले की पुरवठा निरीक्षकाला गावात यावेच लागते.

प्रश्न : मी पुण्यातील निवृत्त अधिकारी असून आपले सदर नियमित वाचतो. अन्न, काम, निवारा यांना आपण सरसकट हक्क म्हणता, हे मला पटत नाही. राज्यघटनेत या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत आहेत आणि त्यांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत होत नाही, असे घटनाच सांगते. शिवाय करदात्यांच्या पैशांतून फुकट धान्य वाटल्याने कष्ट करण्याची वृत्ती नाहीशी होते. यावर आपले काय म्हणणे आहे?

उत्तर : महोदय, अनुच्छेद ३७ चा आपण दिलेला पूर्वार्ध बरोबर आहे. त्याच अनुच्छेदाचा उत्तरार्ध असा की ही तत्त्वे देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. उपजीविकेची पुरेशी साधने (अनुच्छेद ३९), काम, शिक्षण आणि सार्वजनिक साहाय्य (अनुच्छेद ४१), पोषणमान उंचावणे (अनुच्छेद ४७) या गोष्टी तेथे आहेत. त्या तत्त्वांना अनुसरून संसदेने कायदा केला की ते तत्त्व राहत नाही, अंमलबजावणीयोग्य हक्क होते. सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९५० पासून मार्गदर्शक तत्त्व असलेले ते कलम २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कात आले आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा लागू झाला. अन्नाच्या बाबतीत २००१ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेपासून सुरू झालेली वाट २०१३ च्या कायद्यापर्यंत आली. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही भारत १९७९ साली सामील झालेला आहे.

न्यायालयांनी या हक्कांना दिलेला आधार किती आणि कोठवर, हे मुंबईच्याच एका खटल्यातून चांगले दिसते. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या लोकांना हुसकून लावण्याचा निर्णय झाला. त्यांच्या बाजूने पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण जगण्याचे साधन काढून घेतले की जगणेच काढून घेतले जाते. हा भाग सर्वत्र उद्धृत होतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो: महापालिकेचा अतिक्रमण हटवण्याचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला आणि झोपड्या त्या वर्षीचा पावसाळा संपल्यानंतर, म्हणजे ३१ ऑक्टोबरनंतर, काढण्यास मुभा दिली. तत्त्व जिंकले आणि घरे गेली. म्हणून मी माझ्या वाचकांना कोर्टाच्या निकालावर विसंबण्याऐवजी आवक क्रमांकावर विसंबायला सांगतो, याचा आपण विचार करावा.

करदात्यांच्या पैशांबद्दल बोलायचे तर आपण नोकरीत असतानाचे एखादे वेतनपत्रक काढून पाहावे. त्यात व्यवसाय कर नावाची कपात असेल. अलीकडे ती दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला अडीच हजार होते. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापुरात सर्वांना काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडून आणि पाझर तलाव खणून जगली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि त्याचा खर्च शहरातील पगारदाराने उचलायचा, असे या राज्याने ठरवले. हे दान नव्हते, कायद्याने ठरलेली वाटणी होती, आणि तीत आपणही भागीदार होतात. २००५ साली देशभरासाठी झालेल्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

राहिली आळसाची गोष्ट. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. दळून आणले तर दोन भाकऱ्यांचे पीठ जेमतेम होते. वरच्या पत्रातील बाई पहाटे अंधारात फडात उतरतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडी भरतात आणि परत येऊन कोपीसमोर, म्हणजे टोळीच्या तळावरील झोपडीसमोर, चूल पेटवतात. दोन भाकऱ्यांच्या भरवशावर त्यांनी कोयता टाकून द्यावा, असे घडलेले मी तरी पाहिलेले नाही.

प्रश्न : रायगड जिल्ह्यातील आमच्या गावात नळपाणी योजनेचा हिशेब ग्रामसभेत मागितला म्हणून गावकीने बैठक घेऊन आमच्या दोन घरांना वाळीत टाकले आहे. गिरणीवाला दळण घेत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही आणि यंदा शिमग्याला पालखी आमच्या दारात थांबली नाही. लोक आम्हाला माफी मागून मोकळे व्हा म्हणतात. माफी मागावी का?

उत्तर : माफी मागायची की नाही हे आपणच ठरवायचे आहे, मात्र हिशेब मागण्यात कोणताही अपराध नाही आणि वाळीत टाकणे हा अपराध आहे. पालखी न थांबणे ही गोष्ट शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. ज्याच्या आजोबांपासून पालखी दारात नाचली आहे, त्या घराला त्या रात्री काय वाटले असेल हे कोकणातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला आणि तो ठरवण्याच्या बैठकीत सामील होणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांना गुन्हा नोंदवून थेट तपास करता येतो आणि पीडित व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. येथे एक बारकावा आहे. हा कायदा जातीने, धर्माने किंवा पंथाने बांधलेल्या समाजाने आपल्याच सदस्यावर घातलेल्या बहिष्कारासाठी लिहिलेला आहे. आपली गावकी एकाच समाजाची असेल तर तक्रार त्यात नीट बसते. गावात अनेक समाज असून सर्वांनी मिळून आपल्याला वाळीत टाकले असेल, तर वकिलाकडून फिर्यादीची मांडणी काळजीपूर्वक करून घ्या. आपण अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर अॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा त्या कायद्याखालीही गुन्हा ठरवला आहे.

फिर्यादीत "गावाने आम्हाला त्रास दिला" असे मोघम लिहू नका. बैठक कोणत्या तारखेला, कोणाच्या अंगणात किंवा देवळात झाली, कोण काय बोलले, गिरणीत दळणाचा डबा कोणत्या दिवशी परत केला आणि तेव्हा तेथे कोण उभे होते, हे तारीखवार लिहा. घरातील बाईमाणसांची आठवण या बाबतीत पुरुषांपेक्षा पक्की असते, कारण डबा परत घेऊन त्याच आलेल्या असतात.

हिशेबाची मागणी मात्र सोडू नका. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. "खर्च का वाढला" असे विचारू नका. योजनेचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. हंड्याचे ओझे जिच्या डोक्यावर आहे तिच्या तोंडून हा प्रश्न त्या सभेत आला आणि इतिवृत्तात लिहिला गेला, तर तो दोन घरांचा प्रश्न राहणार नाही.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील ऊसपट्ट्यात प्राथमिक शिक्षिका आहे. टोळ्यांबरोबर आलेली मुले दाखला नाही म्हणून शाळेबाहेर राहतात. मुख्याध्यापक हंगामापुरती पटनोंदणी करायला तयार नाहीत. मी एक साधी शिक्षिका काय करू शकते?

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ मुख्याध्यापकांना दाखवा. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४) आणि मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात बसवायचे असते (कलम ४). शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. हा विषय तेथे ठेवून ठराव लिहून घेतला, तर मुख्याध्यापकांनाही आधार मिळतो. मुलांच्या मूळ गावी हंगामी वसतिगृह चालू असेल, तर मोठ्या मुलांनी आजी-आजोबांजवळ राहून तेथे शिकणे अधिक बरे, असे माझे मत आहे. परंतु धाकट्या भावंडांना सांभाळायला आणलेल्या दहा वर्षांच्या मुलीला हा पर्याय नसतो. तिच्यासाठी आधी धाकट्यांची सोय व्हावी लागेल. अंगणवाडीतील आहाराचा हक्क सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ नेच दिलेला आहे आणि तो गावच्या रहिवाशांपुरता नाही. अंगणवाडी सेविकेला बरोबर घेऊन कोप्यांवर जा. जाताना संध्याकाळची वेळ साधा, कारण दिवसा तेथे फक्त मुले असतात आणि यादीवर अंगठा द्यायला आई फडातून परतलेली असावी लागते.